पहिला फोन घरी यावा म्हणून

गाडीची किल्ली मुलांच्या हातात देताना आपण काय काय सांगतो! हळू चालव. घाटात ओव्हरटेक करू नकोस. पट्टा लाव. पोचलास की मेसेज टाक. एवढं सांगून झालं तरी जिन्यातून उतरणाऱ्या पाठीमागे आणखी दोन सूचना जातातच.

पण “रस्त्यात पोलिसांनी गाडी अडवली आणि गाडीत कुणाकडे गांजाबिंजा निघाला, तर काय करशील?” असं विचारणारे आईबाप शोधून सापडायचे नाहीत. विषय काढला की अपशकुन होईल असं वाटतं. आपला संशय आहे असं मुलाला वाटेल, याची भीती असते. आणि मनात पक्की खात्रीही असते, की हे आमच्या घरात होणार नाही. “आमचा नाही हो तसला.” शेजारच्या मुलाबद्दल मात्र आपल्याला तेवढी खात्री नसते. शेजारीही नेमकं हेच म्हणत असतात, फक्त आपल्याला ऐकू येत नाही.

आपली मुलं चांगलीच आहेत, असं धरून चालू या. तरी गाडीत पाच जण असतात. लोणावळ्याला किंवा गोव्याला निघालेल्या त्या पाचांतल्या एकाची सॅक डिकीत असते, आणि तिच्यात काय आहे हे उरलेल्या चौघांना ठाऊक असेलच असं नाही. कधीकधी ठाऊक असतं, पण “जाऊ दे, त्याचं तो बघेल” असं म्हणून सोडून दिलेलं असतं. एकतीस डिसेंबरच्या रात्री नाक्यावर बॅरिकेड लागलेले असतात. गाडी थांबते, काच खाली होते, टॉर्चचा उजेड आत येतो.

तिथून पुढे जो कायदा लागतो तो १९८५ सालचा, अमली पदार्थांबद्दलचा. सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. हा कायदा कडक आहे, आणि एका बाबतीत इतर कायद्यांपेक्षा वेगळा आहे. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. इथे मात्र वस्तू तुमच्या ताब्यात सापडली हे सरकारने दाखवलं, की ती तुम्हाला माहीत असून ठेवली होती असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तसं नव्हतं, हे मग आरोपीला दाखवावं लागतं. “काका, ती माझी नाही, मित्राची आहे” हे खरं असलं तरी तेवढ्यावर नाक्यावरच सुटका होईल, असं नाही.

म्हणून हे हितगुज. मी वकील नाही, तुमच्यासारखीच एक आई आहे. पण या विषयाची पानं चाळताना एक गोष्ट मनात रुतली. कायद्याने मुलांना बरेच हक्क दिले आहेत. त्यातले महत्त्वाचे हक्क पहिल्या काही तासांत वापरायचे असतात. आणि नेमक्या त्याच तासांत मूल सगळ्यात जास्त घाबरलेलं असतं.

कुणाला घाबरतं? पोलिसांना, हे तर झालंच. पण बऱ्याच मुलांच्या मनात पहिल्यांदा आपला चेहरा येतो. बाबांना कळलं तर? आईला काय सांगू? फी भरायला त्यांनी कर्ज काढलंय. आजी काय म्हणेल? त्या धास्तीत मुलं काहीही करतात. पळायला बघतात. पुडी खिडकीतून भिरकावतात, नाहीतर तोंडात टाकतात, आणि ते तर जिवावर बेतू शकतं. मित्राला वाचवायला खोटं बोलतात. “घरी फोन करू नका” म्हणून हातापाया पडतात आणि समोर येईल त्या कागदावर सही करून मोकळी होतात.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. घरी कळवणं हा त्यांचा हक्क आहे, आणि तोच हक्क मूल स्वतःहून सोडून देतं. आपल्या धाकापायी.

धाक लागतो, मान्य. दिवसभर ऑफिस, लोकल, स्वयंपाक, आजारपणं, या सगळ्यातून मुलं वाढवताना शांतपणे समजावत बसायला वेळ कुणाला आहे? “तसलं काही केलंस तर घरात पाऊल ठेवू नकोस” हे वाक्य तोंडातून निघायला दोन सेकंद लागतात. आपण ते प्रेमापोटीच म्हणतो. मूल मात्र ते शब्दशः लक्षात ठेवतं, आणि नको त्या रात्री त्याला ते आठवतं.

तर मुलांना काय सांगावं?

आधी साधं. नाकाबंदीत गाडी अडवली, तर थांबायचं. इंजिन बंद, आतला दिवा चालू, हात दिसतील असे. लायसन्स आणि गाडीचे कागद दाखवायचे, डिजीलॉकरमधले चालतात. श्वासाची तपासणी करायची असेल तर नाही म्हणण्यात शहाणपण नाही, नकाराचाही उपयोग पुढे विरोधात होऊ शकतो. दारू पिऊन किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याखाली वेगळा गुन्हा आहे. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

आपली मुलं वेबसिरीज बघतात. अमेरिकेतला हिरो पोलिसाला ठणकावतो, “माझ्या गाडीला हात लावायची परवानगी मी देत नाही.” मुलांना वाटतं, आपल्याकडेही असंच असणार. तसं नाही. आपल्याकडे नाक्यावर गाडी तपासली जाऊ शकते, आणि हुज्जत घालून किंवा आडवं येऊन ती थांबवता येत नाही. उलट सरकारी कामात अडथळ्याचं आणखी एक कलम लागायचं. तपासणीत काही चुकलं असेल तर ते नंतर कोर्टात मांडायचं. रस्त्यावर फक्त शांत राहायचं, आणि काय काय घडलं ते नीट लक्षात ठेवायचं.

अंगझडतीचं मात्र वेगळं आहे, आणि हे मुलांना माहीत असायलाच हवं. एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे अंगाची झडती घेण्याआधी, “तुम्हाला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क आहे” हे पोलिसांनी सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हे १९९९ साली सांगितलं, आणि २०१० साली आणखी ठामपणे. गाडीत पाच जण असतील तर पाचही जणांना वेगवेगळं सांगायला हवं. सगळ्यांना एकदम विचारून एकाच कागदावर सह्या घेणं पुरेसं नाही, असं २०१४ च्या एका निकालात आहे. मुलीची झडती बाईनेच घ्यायची, हेही त्याच कलमात आहे.

इथे एक मेख आहे. हे संरक्षण अंगझडतीपुरतंच आहे. सॅक, डिकी, सीटखालची पिशवी यांच्या झडतीला कलम ५० लागू होत नाही. त्यामुळे “कलम ५० आहे ना, मग काय होतंय” असं म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये.

सापडलेल्या वस्तूचा पंचनामा होतो. कुठे सापडलं, कुणाकडे सापडलं, वजन किती, पंच कोण, हे सगळं त्यात येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रण करायचं आहे, मोबाइलवर केलेलंही चालतं. मुलांना सांगायचं ते एवढंच: वाचल्याशिवाय सही नाही. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. डिकीतली सॅक मित्राची असेल आणि पंचनाम्यात “आरोपीच्या मांडीवर” असं लिहिलं असेल, तर ते चूक आहे हे त्याच वेळी नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं.

आणि बोलायचं किती? नाव, पत्ता, वय खरं सांगायचं. त्यापुढे “मला आधी वकिलांशी बोलायचंय” हे वाक्य म्हणायला हरकत नाही. त्यात उद्धटपणाही नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्ये आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. एनडीपीएसखाली एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) यासारख्या इतर यंत्रणांच्या अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या कबुलीलाही तेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यांतला फरक मुलांना जरूर समजावा. गप्प राहता येतं. खोटं बोलून मात्र आपणच आपला पाय अडकवतो.

आता अटक झालीच, तर. ज्याला पकडलं त्याला कारण सांगायला हवं, तेही लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं आहे. अटकेची खबर घरच्यांना किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायला हवी. चौकशी चालू असताना आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटता येतं. वकील पूर्ण वेळ शेजारी बसणार नाही, पण भेटू शकतो. वैद्यकीय तपासणी होते. मारहाण झाली असेल तर ती तिथेच डॉक्टरांना सांगायची. आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं असतं.

मुलगी असेल तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी तिला अटक करायची नाही, असा नियम आहे. तसंच खास कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते.

अठरा पूर्ण नसतील तर सगळंच बदलतं. मग बालन्याय कायदा येतो. त्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, चोवीस तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं, आईवडिलांना कळवावं लागतं. म्हणून वय विचारलं की मोठेपणा मिरवायला “अठरा” म्हणायचं नाही, हे आपल्या सतरा वर्षांच्या शहाण्याला बजावून ठेवा. आणि जाता जाता, सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात चारचाकी असेल तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. “सोसायटीतल्या सोसायटीत तर चालवतोय” हे आपलं लाडकं वाक्य आता गिळलेलंच बरं.

मुलांचं झालं. आता आपल्याबद्दल.

रात्री दीड वाजता फोन वाजतो. “आई, पोलीस स्टेशनला आहे.” त्या क्षणी आपल्या तोंडून काय निघेल? “काय केलंस तू?” नव्वद टक्के घरांत हेच निघेल असं मला वाटतं. खरं तर फोनवर विचारायचा हा शेवटचा प्रश्न. आजूबाजूला लोक असतात, त्याचं उत्तर मुलाला तिथे देता येत नाही, आणि देऊही नये. विचारायचं ते एवढंच: कुठल्या ठाण्यात आहेस? लागलंय का कुठे? बरोबर कोण आहे? आणि मग, “मी निघालेय. मी येईपर्यंत वाचल्याशिवाय कशावर सही करू नकोस.” या पाच वाक्यांत रागाला जागा नाही. राग येणारच, पण त्याला सकाळपर्यंत थांबवता येतं.

घाबरल्यावर आपणही काही गोष्टी हमखास करतो.

एक म्हणजे “फोनमधलं सगळं डिलीट कर” असं सांगणं. तो आईच्या पोटातून आलेला सल्ला असतो, पण पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. डिलीट केलेलं परतही मिळवता येतं.

दुसरं, “देऊन टाकू काहीतरी आणि मिटवू.” पैसे मागणाऱ्याइतकाच देणाराही आता कायद्यात सापडतो. कुणी मागितलेच, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे.

तिसरं, ओळखी काढणं. नगरसेवक, मावसभाऊ, त्याचा मित्र. ओळखीचा चांगला वकील मिळाला तर उत्तमच. पण ओळखीने सत्य बदलायला गेलो, तर मुलाच्या केसमध्ये आपणही आरोपी होतो. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर, गाडी चालवणाऱ्या मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून आईवडील दोघांनाही अटक झाली. त्या घरावर रागावायला सोपं जातं. पण मूल कोठडीत असताना आपली मती कुठवर जाईल, हे आपणही स्वतःला एकदा विचारून बघावं.

चौथं, फोनवर विश्वास ठेवणं. “तुमचा मुलगा ड्रग्जच्या केसमध्ये सापडलाय, आत्ता पैसे पाठवा, नाहीतर वर्तमानपत्रात नाव येईल.” मागे रडण्याचा आवाजही असतो. हा फसवणुकीचा धंदा जोरात आहे. पोलीस फोनवरून दंड वसूल करत नाहीत, आणि “डिजिटल अरेस्ट” नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. फोन ठेवा, मुलाला थेट लावा, लागला नाही तर त्या ठाण्याचा नंबर शोधून स्वतः चौकशी करा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला कळवा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर लाजू नका. कोठडीतल्या कुणालाही, तसंच महिलांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, हेल्पलाइन १५१००.

पुढे किती बिकट आहे, हे बरंचसं वजनावर ठरतं. गांजा एक किलोपेक्षा कमी असेल तर ती अल्प मात्रा, २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यापारी. चरसचे आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो. हल्ली ज्याचं नाव सारखं ऐकू येतं त्या एमडीचे, म्हणजे मेफेड्रोनचे, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षं, कमाल वीस. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. शुद्ध माल किती आणि भेसळ किती असा हिशोब होत नाही. २०२० पासून सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात.

“थोडंसंच होतं हो” म्हणून ठाण्यातूनच सुटका होईल, या भ्रमातही राहू नका. अल्प मात्रेचे गुन्हेही अजामीनपात्र आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे जामीन मिळतो, पण कोर्टात मागावा लागतो. व्यापारी मात्रेत तर आरोपी दोषी नसावा असं मानायला कारण आहे आणि तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी कोर्टाला पटाव्या लागतात.

२०२१ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या क्रूझवरची एनसीबीची ड्रग्जविरोधी कारवाई आपण सगळ्यांनी चहा पिता पिता टीव्हीवर बघितली. तिच्यात अटक झालेल्या एका बड्या अभिनेत्याच्या मुलाजवळ काहीही सापडलं नव्हतं. तरी उच्च न्यायालयाचा जामीन मिळून बाहेर यायला तीन आठवड्यांहून जास्त काळ गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात एनसीबीने पुराव्याअभावी त्याला आरोपपत्रातून वगळलं. मोठमोठे वकील दिमतीला असूनही एवढा वेळ लागला. आपल्यासारख्यांनी आधीच थोडी माहिती करून घेतलेली बरी.

कागदांकडे वकील बारकाईने बघतात. खासगी गाडीची आधी खबर मिळाली होती का? मिळाली असेल तर ती लिहून वरिष्ठांना कळवली का? २०२१ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या खासगी गाडीबाबत हे झालं नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. अटक आणि जप्तीचा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांकडे गेला का? नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का? यातली एखादी त्रुटी निघाली की केस संपली, असं होत नाही. पण म्हणूनच त्या रात्री कोण कधी आलं, कुठे काय झालं, हे मुलाकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घ्या. तारीख, वेळ, जागा. आठवण फार लवकर पुसट होते.

गाडी आपल्या नावावर असेल तर तीही जप्त होते. आपल्या नकळत ती वापरली गेली, आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे मालकाने दाखवलं तर ती वाचू शकते. आणि जाणूनबुजून वापरू दिली असेल तर मालकालाही मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. “मित्राला एका रात्रीसाठी गाडी दिली तर काय बिघडलं?” या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे.

हे सगळं वाचून एखाद्या बाबांच्या मनात आलं असेल, की मुलांना हे शिकवायचं म्हणजे सुटायच्या वाटाच दाखवायच्या. ही शंका रास्त आहे, आणि ती येते त्या घरात मुलं बेताल होत नाहीत. पण बघा, मुलीला अनोळखी माणसापासून सावध राहायला आपण सांगतो, तेव्हा तिने संकटात जावं म्हणून सांगत नाही. हक्क माहीत असलेलं मूल जास्त गुन्हे करत नाही. ते कमी घाबरतं, आणि कमी घाबरलेलं मूल खरं बोलायची शक्यता जास्त. “हे चूक आहे आणि आपल्या घरात चालणार नाही” हे ठणकावून सांगाच. त्याला फक्त दुसरा अर्धा भाग जोडायचा: “तरीही कधी अडकलास, तर पहिला फोन मला.”

कधी सांगायचं? समोर बसवून मुळीच नाही. समोर बसवलं की मुलांचे कान बंद होतात. भाजी निवडताना, गाडीतून जाताना, टीव्हीवर कुठली बातमी लागली असताना. “काय रे, असं झालं तर तू काय केलं असतंस?” आणि मग गप्प बसायचं. हे आपल्याला जमत नाही, मला माहितीय. पण मूल दोन मिनिटांनी काहीतरी बोलतंच. कदाचित “आमच्या ग्रुपमधला एक जण ओढतो” असंही म्हणेल. तेव्हा भुवई वर जाऊ द्यायची नाही. “कोण? कुणाचा मुलगा? त्याच्याशी बोलणं बंद!” असं आपण केलं, की तो दरवाजा मिटला.

त्याऐवजी त्याला निघून यायची सोय करून द्या. गाडीत कुणी काही काढलं तर उतरायचं, कुठेही असलास तरी मी न्यायला येईन, किंवा टॅक्सीचे पैसे मी देईन, आणि त्या रात्री एक प्रश्नही विचारणार नाही. मित्रांसमोर “आईचा फोन आला, कटकट आहे” असं म्हणून आपल्यावर ढकलायची मुभाही द्या. मुलांना मित्रांत तोंड दाखवायचं असतं. आपण थोडे वाईट ठरलो तर काय होतंय?

आणि कधी मूल घरी परतेल, जामिनावर, मान खाली घालून. त्याला वाटत असतं आता सगळं संपलं. आपल्यालाही तसंच वाटत असतं, फक्त आपण ते बोलून दाखवतो. काही दिवस नातेवाइकांचे फोन घेऊ नका. “तुझ्यामुळे” या शब्दाने सुरू होणारी वाक्यं आवरा. त्याला जेवायला हाक मारा, नेहमीसारखी. चूक त्याची असेल तर ती त्याला आपल्याहून जास्त माहीत आहे.

खरंच व्यसन लागलं असेल, तर कायद्यातही एक मऊ जागा ठेवलेली आहे. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेईल, तर कलम ६४-अ प्रमाणे त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणचं नाव आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना त्यांनीच समजावलं. आणि पोलिसांची वाट न बघताही मदत मागता येते; व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे.

शेवटी एक अगदी साधं काम. ठाण्यात मुलाचा मोबाइल काढून घेतात. मग “घरी कुणाला कळवायचं?” असं विचारलं की त्याला नंबर तोंडाने सांगावा लागतो. आपल्या मुलांना आपला नंबर पाठ नसतो, तो “मम्मी” नावाने सेव्ह केलेला असतो. आज जेवताना विचारून बघा. आला नाही तर ओरडू नका. दोघांपैकी एकाचा नंबर पाठ करून घ्या आणि कशासाठी, तेही सांगून टाका. विषय काढायला याहून सोपी जागा मिळणार नाही.